विश्लेषण : ‘सायलेंट’ कॉम्प्रेसर खरंच शांत असतो का? गॅरेजसाठी निवड करताना नेमकं काय बघायचं?

सकाळी शटर वर जातं, पहिली गाडी आत येते आणि कोपऱ्यातला कॉम्प्रेसर धडधडायला लागतो. वरच्या मजल्यावर कुणी रात्रपाळी करून नुकतंच झोपलेलं असतं, कुणाची ऑनलाइन मीटिंग चालू असते, कुणाकडे तान्हं बाळ असतं. आधी खिडकीतून आवाज येतो, मग सोसायटीचं पत्र आणि शेवटी पोलिसांचा फोन. निवासी गल्लीत गॅरेज चालवणाऱ्याला किंवा घराच्या आवारात स्वतःची जुनी गाडी दुरुस्त करणाऱ्या हौशी माणसाला हा क्रम नवा नाही.

यावर उपाय म्हणून बाजारात ‘सायलेंट’ कॉम्प्रेसर मिळतात. तो घेतला की प्रश्न मिटला, असं वाटतं. पण अनेकांचा अनुभव वेगळा असतो. पैसे जातात, आवाज राहतो आणि वर कामाला हवाही पुरत नाही. असं का होतं?

कायदा काय सांगतो?

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० साली लागू झाले. त्यानुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. व्यापारी भागासाठी ती ६५ आणि ५५ आहे. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवतीच्या शांतता क्षेत्रात ती ५० आणि ४० इतकी खाली येते. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. मर्यादेपेक्षा आवाज १० डेसिबल किंवा त्याहून जास्त असेल, तर नागरिक तक्रार करू शकतो.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कुर्ल्यातल्या रहिवाशांच्या याचिकेवर निकाल देताना याच मर्यादांची आठवण करून दिली. तक्रारदाराची ओळख उघड न करता पोलिसांनी कारवाई करावी, असंही सांगितलं. ते प्रकरण भोंग्यांचं होतं. पण परिसरातल्या आवाजाची मर्यादा फक्त भोंग्यांपुरती नाही. शिवाय लोकांच्या आरोग्याला किंवा स्वास्थ्याला त्रासदायक ठरणारा व्यवसाय बंद करण्याचा, हलवण्याचा किंवा त्याचं नियमन करण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये ही तरतूद आहे. त्यामुळे गॅरेजवाल्यासाठी हा फक्त शेजारधर्माचा प्रश्न उरत नाही, तो पोटापाण्याचा होतो.

कॉम्प्रेसर एवढा का वाजतो?

साध्या पिस्टन कॉम्प्रेसरमध्ये आवाजाची तीन ठिकाणं असतात. पहिलं, हवा आत ओढली जाते ते तोंड. पिस्टनच्या प्रत्येक फेऱ्याला तिथे हवेचा धक्का बसतो. दुसरं, झडपा आणि मोटर. तिसरं, थरथर. पंप टाकीवर बसवलेला असल्याने टाकी ढोलासारखी वाजते आणि खालची फरशीही तिला साथ देते.

यात वेग फार महत्त्वाचा असतो. आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेवर दोन पोलची मोटर मिनिटाला साधारण २,८०० फेरे फिरते, चार पोलची साधारण १,४००. पंप थेट मोटरला जोडलेला असेल, तर तोही त्याच वेगाने पळतो. स्वस्त, छोटे, थेट जोडणीचे कॉम्प्रेसर सर्वाधिक कर्कश वाटतात ते यामुळेच. ‘सायलेंट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक ऑइल-फ्री यंत्रांत १,४०० फेऱ्यांची मोटर असते आणि हवा ओढण्याच्या तोंडावर सायलेन्सर असतो. बेल्टवर चालणाऱ्या मोठ्या यंत्रात पंपाचा वेग पुलीमुळे आणखी कमी करता येतो.

खोक्यावरचा आकडा कसा वाचायचा?

डेसिबलचं गणित सरळ बेरजेचं नाही. १० डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. म्हणून आकड्यासोबत अंतर दिलेलं नसेल, तर त्या आकड्याला फारसा अर्थ नाही.

एका यंत्रावर ‘७० डेसिबल, १ मीटरवर’ आणि दुसऱ्यावर ‘६५ डेसिबल, ४ मीटरवर’ असं लिहिलं आहे. शांत कोणतं? पहिलं. दुसरं यंत्र १ मीटरवरून मोजलं तर ते ७७ च्या आसपास जाईल. काही यंत्रांवर ध्वनिशक्तीचा आकडा असतो, तो याहून वेगळा. ध्वनिशक्ती ९७ असेल, तर मोकळ्या फरशीवर १ मीटरवरचा आवाज साधारण ८९ भरतो. त्यामुळे दुकानदाराला ‘किती डेसिबल?’ एवढंच विचारू नका. ‘किती अंतरावरून आणि पूर्ण दाबावर मोजलेले?’ हेही विचारा.

आता हेच शेजाऱ्याच्या खिडकीला लावून बघू. खिडकी ८ मीटरवर आहे. १ मीटरवर ८५ डेसिबलचं यंत्र तिथे साधारण ६७ ऐकू येईल, ६५ डेसिबलचं ४७. पहिलं निवासी भागाच्या दिवसाच्या मर्यादेच्या बरंच वर आहे. दुसरं दिवसा चालेल, रात्री नाही. दोन्ही बाजूंना भिंती असलेल्या अरुंद गल्लीत आवाज याहून कमी उतरतो, हेही धरून चाला.

आधी हवा मोजा, मग आवाज

खरी चूक इथे होते. लोक आवाज बघून यंत्र घेतात आणि कामाला किती हवा लागते ते मोजत नाहीत. हवा मोजायचं माप म्हणजे सीएफएम, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा. १ सीएफएम म्हणजे मिनिटाला सुमारे २८ लिटर.

टायरचं उदाहरण घ्या. गाडीच्या टायरमध्ये साधारण ३५ लिटर जागा धरू. २५ पीएसआयवरून ३३ वर न्यायला जेमतेम २० लिटर हवा लागते, म्हणजे चारही टायरना ८० लिटर. ५० लिटरची टाकी ८ बारवरून ६ बारवर येईपर्यंत सुमारे १०० लिटर हवा देते. म्हणजे मोटर सुरू न होता चारही टायर भरून होतात. चाकाचे नट सोडायच्या इम्पॅक्ट गनला सरासरी ४-५ सीएफएम पुरतात आणि तीही थांबून थांबून चालते.

रंगकाम मात्र वेगळं आहे. पूर्ण पॅनेलच्या स्प्रे गनला किंवा हवेवरच्या सँडरला १० सीएफएमच्या आसपास, म्हणजे मिनिटाला जवळपास २८० लिटर हवा सलग लागते. १ एचपीमागे प्रत्यक्षात ३ ते ४ सीएफएमच मिळतात. मग १ एचपीचा ‘सायलेंट’ कॉम्प्रेसर काय करणार? न थांबता चालत राहणार, तापणार, दाब पडणार आणि रंग खराब होणार. शेजाऱ्याला आधी दहा मिनिटं मोठा आवाज ऐकू यायचा, आता तासभर मध्यम आवाज ऐकू येईल.

कायद्यातली मर्यादासुद्धा काही काळाच्या सरासरी आवाजावर ठरते. तासातून १० मिनिटं चालणाऱ्या यंत्राची तासाची सरासरी, त्याच यंत्राच्या सलग तासाभराच्या सरासरीपेक्षा जवळपास ८ डेसिबलने खाली येते. म्हणजे पुरेशी हवा आणि मोठी टाकी हाही शांततेचाच भाग आहे.

आणखी एक पाचर आहे. खोक्यावर बऱ्याचदा ‘पिस्टन डिस्प्लेसमेंट’चा मोठा आकडा असतो. छोट्या यंत्रात प्रत्यक्ष बाहेर पडणारी हवा त्याच्या साधारण ६० ते ७५ टक्के असते. निवड करायची ती या प्रत्यक्ष हवेवर, म्हणजे ‘एफएडी’वर.

मग कुणी कोणता घ्यावा?

हवा भरणं, फुंकर मारून साफसफाई आणि अधूनमधून नट सोडणं एवढंच काम असेल, तर ५० लिटर टाकीचा, १,४०० फेऱ्यांचा ऑइल-फ्री कॉम्प्रेसर चांगला. त्यात तेल बदलायची कटकट नाही. मात्र त्याच्या रिंगा तेलाच्या यंत्रापेक्षा लवकर झिजतात, हे लक्षात ठेवा.

रोज दिवसभर गॅरेज चालत असेल, तर सिंगल फेजवर चालणारा २ ते ३ एचपीचा, संथ वेगाचा, बेल्टवरचा कॉम्प्रेसर आणि मोठी टाकी हा व्यवहार्य पर्याय. कागदावर तो ‘सायलेंट’ नसतो. पण त्याचा आवाज खर्जातला असतो आणि काम संपवून तो बंद होतो.

रोज रंगकाम असेल, तर पेटीबंद स्क्रू कॉम्प्रेसरचा विचार करावा. तो महाग असतो, पण सलग चालण्यासाठीच बनवलेला असतो. छोट्या गॅरेजला बहुतेक वेळा त्याची गरज नसते.

यंत्र न बदलता काय करता येईल?

बरंच काही. पायाखाली जाड रबरी पॅड लावा. टाकीपासून निघणारी पहिली जोडणी लवचिक होजची ठेवा, म्हणजे थरथर भिंतीतल्या पाइपात जाणार नाही. हवा ओढण्याच्या तोंडाला सायलेन्सर लावा. यंत्र शेजारच्या घराला लागून असलेल्या भिंतीपासून दूर ठेवा, कोपऱ्यात कोंबू नका.

त्याला लाकडी पेटीत बंद करायचं असेल, तर सावध. कॉम्प्रेसर वापरत असलेली जवळजवळ सगळी वीज उष्णतेत बदलते. २ एचपीचं यंत्र बंद पेटीत ठेवणं म्हणजे दीड किलोवॉटचा हीटर कोंडणं. हवा आत-बाहेर जायला वळणाची वाट आणि पंखा हवाच. खर्च वाचवायला पीव्हीसी पाइप मात्र कधीच वापरू नका. दाबाखाली तो फुटला की त्याचे तुकडे उडतात. टाकीतलं पाणी रोज काढा, पावसाळ्यात तर नक्कीच, नाहीतर टाकी आतून गंजते.

कॉम्प्रेसर शांत झाला, म्हणजे गॅरेज शांत झालं?

नाही. इम्पॅक्ट गन आणि फुंकणी स्वतःच ९० डेसिबलच्या पुढे सहज जातात. अशा वेळी बॅटरीवरची गन घेतली, तर निदान कॉम्प्रेसर तरी चालवावा लागत नाही. पण गनचा आवाज राहतोच.

हा आवाज सर्वात जवळून ऐकतो तो गॅरेजमधला पोऱ्या. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या कामगार आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलमध्ये आठ तास ही कानांची मर्यादा आहे. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ८८ ला चार तास आणि ९१ ला दोनच. शेजारी खिडकी लावून घेऊ शकतो, तक्रारही करू शकतो. यंत्राशेजारी उभ्या असलेल्या मुलाला यातलं काहीच करता येत नाही आणि एकदा गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

म्हणून खरेदीला जाण्याआधी एका कागदावर तीन गोष्टी लिहा. सर्वात जास्त हवा खाणारं काम कोणतं, ते दिवसातून किती वेळ चालतं आणि सर्वात जवळची खिडकी किती मीटरवर आहे. ‘सायलेंट’ हा शब्द त्यानंतर वाचा. आणि परत येताना कानात घालायच्या बोळ्यांची एक जोडी त्या पोऱ्यासाठीही आणा.