ओटीवरची चौकट

शहापूर तालुक्यातील शेणव्यास आमच्या घराच्या ओटीवर, हिवताप-निर्मूलनाच्या कर्मचाऱ्याने गेरूने आखलेली एक चौकट होती. दर पंधरवड्यास तो येई, घरात कोणास ताप आहे वा येऊन गेला काय ते पुसे, असल्यास बोटास सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेई आणि चौकटीत तारीख मांडून पुढल्या उंबरठ्याकडे वळे. १९५३ साली नियंत्रणार्थ सुरू झालेल्या व १९५८ पासून निर्मूलनाचे ध्येय पत्करलेल्या राष्ट्रीय मोहिमेचे आम्हांस दिसलेले रूप एवढेच; परंतु ताप कोठला व केव्हाचा हे पुसल्यावाचून निदान होत नाही, हे मी त्या भिंतीपाशी शिकलो.

तो धडा येथे परदेशातही कामी येतो, कारण येथील शाळांची उन्हाळी सुट्टी आणि तिकडची, गावाकडची भातलावणी एकाच सुमारास येतात. मुले आजोळच्या चिखलात मनमुराद खेळतात (खेळावीच, ह्याविषयी माझे दुमत नाही) आणि परतल्यावर कधी आठ दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी तापाने फणफणतात. येथील डॉक्टरास प्रथम फ्लू आठवावा हे स्वाभाविकच. म्हणून प्रवासाची कैफियत, गावे व तारखांसह, आपण होऊन सादर केली पाहिजे. फाल्सिपेरम हिवताप बहुधा तीन महिन्यांच्या आत प्रकट होतो. व्हायव्हॅक्स यकृतात दडून वर्षानंतरही उठतो. लेप्टोस्पायरोसिस खाचरातल्या पाण्यातून पायाच्या जखमेवाटे शिरतो. रक्तात पहिल्या खेपेस जंतू दिसले नाहीत, तरी शंका असल्यास तपासणी पुन्हा करावी लागते. बालपण तेथे गेले म्हणून आपणांस डास बाधत नाहीत, ही प्रौढांची समजूत तर फारच घातक आहे, कारण असलेली प्रतिकारशक्तीही परदेशवासात ओसरते.

३८ अंश सेल्सियस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, हा ताप होय. तीन महिन्यांखालील अर्भकास एवढा आला तरी तत्काळ रुग्णालय गाठावे. मोठ्या मुलाच्या बाबतीत आकड्याइतकेच, ते पाणी पिते काय, लघवी होते काय, हाकेस डोळे उघडते काय, हे पाहावे. पॅरासिटामॉल वजनाच्या मानाने द्यावे, चोवीस तासांत चार मात्रांहून अधिक नाही. अ‍ॅस्पिरिन मुलांस वर्ज्य, आणि डेंग्यूची शंका असल्यास अ‍ॅस्पिरिन व आयबुप्रोफेन थोरांसही वर्ज्य. आकडी आल्यास कांदा हुंगवीत बसू नये. मुलास कुशीवर निजवावे, तोंडात काही घालू नये, घड्याळ पाहावे, आणि पाच मिनिटांत ती न थांबल्यास रुग्णवाहिका बोलवावी.

ह्या अंकाच्या अखेरच्या पानावर एक रिकामी चौकट छापली आहे: गावे, जाण्यायेण्याच्या तारखा, तापाचा दिवस, अंश. ती कापून फ्रिजच्या दारावर लावावी.