वाढवणचे बंदर आणि भिवंडीची गाठ

पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ वाढवणला बंदर होणार, हे आता पक्के झाले. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि ३० ऑगस्टला पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. काम ७६,२०० कोटींचे आहे. भिवंडीच्या बाजारात यावर दोन मते ऐकू येतात. कोणी म्हणतो, आता आपले नशीब उघडले. कोणी म्हणतो, हा मोठ्या शेठ लोकांचा मामला, मागवाल्याला त्याचे काय? आम्हाला दोन्ही मते अर्धवट वाटतात.

मागवाल्याचा संबंध कसा येतो, हे आम्ही २०२१ साली चांगलेच भोगले. त्या साली रिकामे कंटेनर मिळेनासे झाले आणि भाडे कित्येक पटीने चढले. आमचा आखातात जाणारा माल गाठी बांधून गोदामात सहा आठवडे पडून राहिला. पार्टीचा पैसा अडकला, म्हणून आम्ही मागवाल्याचा पैसा अडकवला आणि त्याने कारागिराचा पगार. जहाज समुद्रात थांबते, पण चूल आमच्या मोहल्ल्यात विझते. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा युरोपच्या मालाची पुन्हा तीच गत झाली, कारण जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली.

लढाई किंवा महामारी कोणतेही बंदर थांबवू शकत नाही, हे कबूल. पण खोल बंदर असले तर निदान आपला माल दुसऱ्याच्या दारात ताटकळत नाही. न्हावा-शेवा १९८९ साली सुरू झाले. २०२४-२५ मध्ये तेथे वीस फुटी पेट्यांच्या हिशोबाने सुमारे ७३ लाख पेट्या हाताळल्या गेल्या. तरी तेथील पाणी उथळ, गाळ सतत उपसावा लागतो. आज जगात चोवीस हजार पेट्या वाहणारी जहाजे आहेत, ती तेथे लागत नाहीत. म्हणून आपला बराच माल कोलंबो, सिंगापूर येथे जाऊन मोठ्या जहाजावर चढतो. दोनदा चढ-उतार म्हणजे दोनदा खर्च, आणि दिवस जातात ते वेगळे. वाढवणला सुमारे वीस मीटर नैसर्गिक खोली आहे. नऊ कंटेनर टर्मिनल व्हायची आहेत.

गाळाचे महत्त्व आम्हा भिवंडीकरांना कोणी शिकवायला नको. आमच्या शहरात बंदर मोहल्ला अजून आहे, बंदर मात्र नाही. सोपारा आणि कल्याण ही एके काळी परदेशाशी व्यापार करणारी बंदरे होती. आज तेथे लोक लोकल पकडतात.

पर्यावरणाचा फायदाही सांगितला जातो. मोठ्या जहाजात पेटीमागे तेल कमी जळते आणि माल रेल्वेने गेला तर धूर कमी होतो. हे खरे, पण त्यात ‘तर’ आहे. दादरीपासून न्हावा-शेव्यापर्यंतचा मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग १,५०६ किलोमीटरचा आहे. वाढवण त्याला नीट जोडले नाही, तर सगळे ट्रेलर भिवंडीच्याच नाक्यांवर उभे राहतील. तेथील धूर आम्ही आधीच रोज गिळतो.

आता कोळी बांधवांविषयी. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव पडणार आहे, आणि तेथेच त्यांची जाळी पडतात. आमचा माग मोडला तर दुसरा बसवता येतो, त्यांचा समुद्र दुसरा मिळत नाही. १९९८ साली डहाणू पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने याच जागी बंदरास नकार दिला होता. त्याच प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी अटींसह परवानगी दिली. लोकांचा विरोध त्यानंतरही आहे, आणि त्याला आम्ही अडाणीपणा म्हणणार नाही. उरण-पनवेलकडे पाहा. जमिनीच्या मोबदल्यासाठी १९८४ च्या जानेवारीत पाच माणसे गोळीबारात गेली. न्हावा-शेव्याच्या प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के जमिनीची पत्रे पंतप्रधानांच्या हातून मिळू लागली २०१४ साली, म्हणजे बंदर सुरू होऊन पंचवीस वर्षे झाल्यावर! आम्ही बंदराच्या बाजूचे आहोत, पण मोबदला भरावाच्या आधी द्यावा, नंतर नव्हे.

राहिला आपला हिशोब. लहान व्यापाऱ्याकडे पेटीभर माल कधीच नसतो. त्याच्या दहा-वीस गाठी दलालामार्फत दुसऱ्याच्या पेटीत जातात. नफ्याचा मोठा घास तेथेच जातो, आणि बंदर कितीही खोल असले तरी हा घास तसाच राहील. भिवंडीत गोदामांची कमी नाही. कमी आहे ती अशा एका जागेची, जेथे दहा जणांच्या गाठी एका पेटीत भरल्या जातील, कस्टमची तपासणी तेथेच होईल आणि पेटी सीलबंद रेल्वेने निघेल. मालेगाववाल्यांनाही ती लागेल. शिवाय बंदरावर क्रेन, संगणक, हिशोब यांची कामे निघतील; त्यांचे प्रशिक्षण डहाणू-पालघरच्या पोरांनंतर आपल्या पोरांनाही मिळावे.

या मागणीचा अर्ज आम्ही केला आहे. आमची शाळा उर्दूची, सरकारी मराठी आम्हाला जड जाते, म्हणून मजकूर उर्दूत सांगून मुलाकडून मराठीत लिहून घेतला. सध्या त्यावर चौदा सह्या झाल्या आहेत. अर्ज आमच्या गल्ल्यावर ठेवला आहे. ज्या व्यापारी बंधूंना सही करायची असेल, त्यांनी दुपारी तीन ते सहा या वेळात यावे.