बायका फक्त ‘पहिल्या’ म्हणूनच का?

२०२२ साली ‘कौन बनेगा करोडपती’मध्ये कोल्हापूरच्या कविता चावला या गृहिणीने एक कोटी रुपये जिंकले आणि साडेसात कोटींच्या प्रश्नावर त्या थांबल्या. प्रश्न होता गुंडप्पा विश्वनाथ यांच्याबद्दलचा. प्रथम श्रेणी क्रिकेटच्या पदार्पणातच त्यांनी द्विशतक काढलं, ते कोणत्या संघाविरुद्ध? उत्तर आहे आंध्र. १९६७ सालचा तो सामना. विश्वनाथ तेव्हाच्या म्हैसूर संघाकडून खेळले आणि २३० धावा काढून गेले. त्याआधी २०२० मध्ये छत्तीसगडच्या शिक्षिका अनुपा दास एक कोटी जिंकून सात कोटींच्या प्रश्नापर्यंत पोचल्या होत्या. त्यांना विचारलं गेलं, रियाझ पूनावाला आणि शौकत दुकानवाला कोणत्या देशाकडून क्रिकेट खेळले? उत्तर, संयुक्त अरब अमिराती. त्यांनीही तिथंच खेळ सोडला.

हे प्रश्न मुद्दाम बायकांच्या वाट्याला घातले, असं मला म्हणायचं नाही. पुरुष स्पर्धकांपुढेही असे प्रश्न येतात आणि तेही अडतात. माझं म्हणणं प्रश्नांच्या साठ्याबद्दल आहे. आपल्या दूरदर्शन संचावर रोज रात्री ‘ज्ञान’ म्हणून जे मांडलं जातं, त्यात राजे, लढाया, शोध, पंतप्रधान आणि क्रिकेटचे विक्रम भरलेले असतात. या सगळ्यात बाई येते ती दोनच वाटांनी. एक तर सिनेमाची नटी म्हणून, नाहीतर ‘पहिली महिला’ म्हणून.

मी कराडजवळच्या हायस्कुलात इतिहास शिकवला. निवृत्त झाल्यावरही आमच्या भागातल्या सामान्यज्ञान स्पर्धेच्या प्रश्नपत्रिका माझ्याकडेच येतात, त्यामुळे प्रश्न कसे जन्माला येतात हे मला जवळून ठाऊक आहे. प्रश्न काढणाऱ्याला एकच निर्विवाद उत्तर लागतं, छापील आधार लागतो आणि शेजारी ठेवायला तीन पटतील असे चुकीचे पर्याय लागतात. क्रिकेटच्या आकडेवारीत हे तिन्ही आयतं मिळतं. राजांच्या सनावळीत मिळतं, युद्धांच्या तहांत मिळतं. मग जुन्या प्रश्नसंचातून नवा संच तयार होतो, त्यावरून स्पर्धा परीक्षांची गाइडं छापली जातात आणि पुढचा प्रश्नकर्ता त्या गाइडातून उचलतो. बायकांनी केलेलं बरंचसं काम कुणी वेळेवर लिहूनच ठेवलं नाही. जे लिहिलं गेलं, तेही या फिरत्या साठ्यात शिरलं नाही. कुणाच्या मनात खोट नसतानाही पक्षपात पिढ्यान्‌पिढ्या चालू राहतो तो असा.

कोणतंही गाइड उघडा, ‘भारतातील पहिल्या महिला’ असा तक्ता सापडेल. पहिल्या राष्ट्रपती प्रतिभा पाटील, पहिल्या आयपीएस किरण बेदी, पहिल्या डॉक्टर आनंदीबाई जोशी. मुली हा तक्ता पाठ करतात, त्यावर गुण मिळवतात आणि त्या बाईबद्दल त्यांना काहीच कळलेलं नसतं. आनंदीबाईंनी १८८६ साली अमेरिकेत एम.डी. पदवी घेतली ती प्राचीन हिंदू प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून. हा प्रश्न मी कुठल्याही कार्यक्रमात ऐकलेला नाही. सावित्रीबाईंबद्दल पहिली शिक्षिका एवढंच विचारलं जातं. त्यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह १८५४ सालचा. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याचं आजारी पोर पाठीवर घेऊन त्या हडपसरच्या दवाखान्यात पोचल्या, तोच रोग त्यांना जडला आणि त्यातच त्या गेल्या. यातून चार अवघड प्रश्न सहज निघतात.

या तक्त्याचा खरा अन्याय दुसऱ्या बाईवर होतो. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्ष कोण? कुसुमावती देशपांडे, १९६१, ग्वाल्हेर. हा प्रश्न सगळीकडे असतो. दुसऱ्या कोण, हे कुणी विचारत नाही. दुसऱ्या दुर्गाबाई भागवत. ते संमेलन आमच्या कराडात झालं, १९७५ साली, आणीबाणी लागू असताना. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण होते आणि त्यांच्या उपस्थितीत दुर्गाबाई लेखकाच्या स्वातंत्र्याबद्दल ठामपणे बोलल्या. पुढे त्यांना अटक झाली. पण त्या पहिल्या नव्हत्या, म्हणून प्रश्नमंजूषेच्या लेखी त्या नाहीत. पुरुष अध्यक्षांना ही अट नाही. तिथं कितव्याही क्रमांकाचा माणूस विचारला जातो, त्याच्या भाषणातली वाक्यंसुद्धा विचारली जातात.

आता क्रिकेटकडे येते, कारण तिथं पक्षपात नुसत्या निवडीत राहिलेला नाही, तो उत्तरातच शिरला आहे. आमच्या स्पर्धेच्या एका अंतिम फेरीत मी प्रश्न ठेवला होता, आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामन्यात पहिलं द्विशतक कुणी काढलं? माझं वाचन पुरं व्हायच्या आत नववीतल्या एका मुलाने घंटी दाबली. “सचिन तेंडुलकर, ग्वाल्हेर, २४ फेब्रुवारी २०१०, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध.” तारखेसकट सगळं मुखोद्गत. मी त्याला गुण दिला नाही. सभागृहात गलका झाला, त्याच्या शाळेचे सर उठून उभे राहिले. मी उत्तर वाचून दाखवलं. ऑस्ट्रेलियाची कर्णधार बेलिंडा क्लार्क, १६ डिसेंबर १९९७, महिला विश्वचषक, डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९. आणि हे झालं मुंबईत, वांद्रे पूर्वेच्या एमआयजी मैदानावर. ज्या भागात सचिन लहानाचा मोठा झाला, त्याच भागात.

सरांनी मोबाइलवर शोधून खात्री करून घेतली आणि खाली बसले. मुलगा मात्र उभाच राहिला. “बाई, ते बायकांचं क्रिकेट. ते वेगळं धरतात.” मी विचारलं, “मग प्रश्नात ‘पुरुषांच्या सामन्यात’ असं लिहिलेलं होतं का?” तो म्हणाला, “नव्हतं बाई, पण ते कळतंच की.” मुलगा गुणी आहे, त्याच्या बोलण्यात उद्धटपणा अजिबात नव्हता. जे त्याने टीव्हीवर आणि पुस्तकात पाहिलं, तेच तो सांगत होता. त्याच्या शेजारी त्याच्या संघातली मुलगी बसली होती. ती शाळेच्या संघातून क्रिकेट खेळते. ती त्या वेळी काहीच बोलली नाही, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

‘पहिला विश्वचषक कधी झाला’ याचं १९७५ हे उत्तर सगळे देतात. महिलांचा पहिला विश्वचषक इंग्लंडमध्येच १९७३ साली झाला, पुरुषांच्या दोन वर्षं आधी. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये हरमनप्रीत कौरच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक उचलला, तेव्हा घरोघर लोक जागे होते. आता तरी ‘क्रिकेट’ म्हटलं की पुरुषच, हे गृहीत धरणं सोडावं लागेल. आणि सोडलं तर गुंडप्पा विश्वनाथ यांच्यावरचा प्रश्नही मला खुशाल चालेल. ते मोठे फलंदाज होते.

एक गोष्ट मात्र मला अजिबात मान्य नाही. हा विषय काढला की चांगली माणसंही म्हणतात, मग बायकांसाठी स्वयंपाकाचे, कपड्यांचे प्रश्न घाला. असे प्रश्न असतातच, फक्त ते सुरुवातीच्या सोप्या, हजार-दोन हजारांच्या पायरीवर असतात. इडली कशापासून करतात, अशा धर्तीचे. स्वयंपाकघरात अवघड ज्ञान असू शकतं हेच तिथं कुणाच्या ध्यानात येत नाही. इडलीचं पीठ रात्रभरात फुगवणारा मुख्य जिवाणू कोणता? ल्यूकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडीस. हा प्रश्न सात कोटींच्या पायरीवर ठेवा आणि किती जण टिकतात ते पाहा. वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी असतं हे दाखवून कमला सोहोनींनी १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. त्याआधी बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना बाई म्हणून प्रवेश नाकारला होता, तो त्यांनी हट्टाने मिळवला. पुढे त्यांनी नीरेवर संशोधन केलं. रामन यांच्यावर किती प्रश्न येतात आणि सोहोनींवर किती, हे रोज पाहणाऱ्याला सांगावं लागत नाही.

जात्यावरच्या ओव्यांचंही तसंच. ज्ञानेश्वरीतल्या ओव्यांची संख्या आम्ही मुलांना विचारतो आणि विचारावीच. पण पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून दळणाऱ्या बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, हे कुठल्याच प्रश्नसंचात नाही. लोकसाहित्यातलं बायकांचं हेच धन आयुष्यभर अभ्यासणाऱ्या ताराबाई भवाळकर २०२५ मध्ये दिल्लीच्या संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. अध्यक्षपदाच्या यादीत त्या सहाव्या महिला, म्हणजे गाइडात त्यांना जागा मिळणं कठीण.

मराठी दूरचित्रवाणीने बायकांना जागा दिली नाही असं नाही. ‘होम मिनिस्टर’ २००४ पासून कितीतरी वर्षं घराघरांत गेला, बायका त्यात मनापासून हसल्या-खेळल्या, पैठणी जिंकून गेल्या. त्या आनंदाला मी नावं ठेवणार नाही. पण जिथं बाई मुख्य असते तिथं तिला खेळ आणि संसाराच्या गप्पा, आणि जिथं ज्ञानाला कोटींचं मोल असतं तिथं तिचं जग गायब, ही विभागणी मला खटकते. त्या पैठणीबद्दलसुद्धा कुणी विचारलं नाही की पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी का दिसते. पदर विणताना प्रत्येक रंगाच्या धाग्याची कांडी हाताने वेगळी फिरवावी लागते, म्हणून. तमिळमध्ये २०१९ च्या अखेरीस ‘कोडीस्वरी’ नावाने फक्त महिलांसाठी करोडपती झालं, सूत्रसंचालन राधिका शरतकुमार यांचं. त्यात ऐकू-बोलू न शकणाऱ्या एका स्पर्धक महिलेने एक कोटी जिंकले. मला त्याचं कौतुक आहे. तरी वेगळी खोली बांधून मोठ्या घरातला प्रश्न सुटत नाही.

‘बायका तरीही जिंकतातच की,’ असा युक्तिवाद होतो. जिंकतात. ‘कौन बनेगा करोडपती’च्या २०२० च्या पर्वात एक कोटी जिंकणारे चारही स्पर्धक महिलाच होत्या, आणि त्याआधीच्या वर्षी अमरावती जिल्ह्यातल्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बबिता ताडे जिंकल्या. बायका हुशार आहेत, हे त्यातून सिद्ध झालं. प्रश्नसंच रास्त आहे, हे त्यातून सिद्ध होत नाही. त्या दुसऱ्यांच्या जगाचा अभ्यास करून जिंकल्या. त्यांच्या जगाचा अभ्यास मात्र कुणालाच करावा लागला नाही, ना पुरुष स्पर्धकांना, ना घरी बसून पाहणाऱ्या मुलग्यांना. बीबीसीवरच्या ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ या प्रश्नमंजूषेबद्दल प्रेक्षकांनी अशीच तक्रार केली, तेव्हा निर्मात्यांनी ती ऐकली आणि प्रश्नांतला समतोल तपासायची तयारी दाखवली. आपल्याकडेही ते होऊ शकतं.

वाहिन्या आपलं ऐकतील तेव्हा ऐकतील. तुमच्या शाळेत, वाचनालयात, गणेश मंडळात यंदा प्रश्नमंजूषा असेल, तर कागद छापायला देण्याआधी एकदा वाचा. ‘पहिली महिला कोण’ अशा धर्तीचे प्रश्न बाजूला काढा आणि उरलेल्या कागदावर किती बायका शिल्लक राहतात ते मोजा. कमी पडल्या तर मला या वृत्तपत्राच्या पत्त्यावर लिहा. प्रश्न मी काढून देईन, उत्तरांसकट आणि आधारांसकट.