बदली पैसा

नाणी जमविणाऱ्या एका विद्यार्थ्याने परवा विचारले, “सर, ‘प्येन्योंदझ झास्तेंपची’ला मराठीत काय म्हणावे?” शब्द पोलिश भाषेतला. सरकारी नाणे मिळेनासे झाले म्हणजे त्याच्या जागी उभा राहणारा पैसा, असा त्याचा अर्थ. कधी तो नगरपालिकेने काढलेला, कधी जमीनदाराने, कधी कारखानदाराने.

कोणीही सुशिक्षित माणूस ‘पर्यायी चलन’ म्हणून मोकळा होईल. पण वाचकहो, पर्याय म्हटला की निवड आली. आणि हा पैसा घेणाऱ्याला निवड क्वचितच होती. माझे मत ‘बदली पैसा’ या शब्दाला. गिरणीत बदली कामगार असे, शाळेत बदली शिक्षक येतो. काम तो सगळे करतो, पण त्या जागेवर त्याचा हक्क नसतो. या पैशाचेही तसेच.

यावर आमच्या बीडचा वाचक विचारील, “मग आमचा हाली रुपयाही बदलीच की काय?” मुळीच नव्हे! हाली म्हणजे सध्या चालणारा. निजामाच्या राज्यात तोच खरा, आणि इंग्रजांचा तो ‘कलदार’, म्हणजे यंत्रावर पाडलेला. सात हालीला सहा कलदार हा हिशेब आमच्या आजोबांच्या पिढीला तोंडपाठ होता. हाली स्थानिक खरा, पण त्याच्यामागे राज्य उभे होते.

बदली पैसा पाहायचा तर काठेवाडात चला. दुसऱ्या महायुद्धात चिल्लरीची टंचाई झाली, तेव्हा जुनागड, मोरवी अशा संस्थानांनी पुठ्ठ्याची लहान लहान कूपने काढली. ती गरजेपोटी आली आणि गरज सरताच गेली. त्यांना ‘कूपन’च म्हणावे.

पोलंडमधील जमीनदार दिवसभराच्या कामाबद्दल मजुराच्या हातावर धातूची चकती ठेवीत. आसामच्या चहामळ्यांतही अशा चकत्या होत्या. त्यांना ‘बिल्ला’ शोभेल. बिल्ल्याला मळ्याबाहेर कोण विचारतो? मजुरी मिळाली, पण मजूर मात्र मळ्यातच अडकला.

सर्वांत अवघड शब्द वूच शहरातला. 1940 साली जर्मनांनी तेथे दीड लाखांहून अधिक ज्यूंना एका वस्तीत कोंडले. त्यांच्याजवळचा खरा पैसा काढून घेतला आणि बदल्यात वस्तीपुरत्या नोटा दिल्या. त्यांवर जर्मन भाषेत शब्द छापला होता ‘पावती’! वस्तीच्या ज्यू प्रमुखाचे नाव रुमकोव्स्की. लोक त्या नोटांना कडवटपणे ‘रुमकी’ म्हणत. कुंपणापलीकडे त्यांना कवडीची किंमत नव्हती. म्हणजे पळून जाणाऱ्याच्या खिशात वाटखर्चालाही काही उरू नये, अशी ती व्यवस्था. येथे अनुवादकाने ‘चलन’ लिहिले, तर लुबाडणाऱ्याची अब्रू झाकली जाते. ‘पावती’च लिहावे, त्या शब्दातला खोटेपणा वाचकाला बोचू द्यावा.

म्हणून विद्यार्थ्याला मी सांगितले, की शब्द शोधण्याआधी तीन गोष्टी विचार: हा पैसा काढला कोणी, घेणे भाग कोणाला होते, आणि तो चालेनासा कुठे होतो? उत्तरे मिळाली, की मराठीत शब्दांचा तुटवडा नाही.

आणि यंदा लक्ष्मीपूजनासाठी जुना डबा उघडताना चारमिनारचा रुपया हाती लागला, तर मुलांना अवश्य सांगा: हा बदलीवरचा नव्हे हो, हा कायम नोकरीतला, रीतसर निवृत्त झालेला!