विणकराने मागितलेला जाब

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचा लोकप्रतिनिधी विल्यम फिन्डली अडाणी होता, कायदे करणे त्याचे काम नव्हते, हा आक्षेप त्याच्या हयातीतलाच. ह्यू हेन्री ब्रॅकेनरिज या वकील-लेखकाने कादंबरीत विणकराचे पात्र रंगवून त्याची टर उडवली. १७८७ मध्ये याच ब्रॅकेनरिजला हरवून फिन्डली संघराज्याच्या घटनेला मंजुरी देण्यासाठी भरलेल्या पेनसिल्व्हेनियाच्या परिषदेत गेला होता, हे आक्षेपकांनी विसरू नये.

अल्स्टरहून १७६३ साली आलेला हा माणूस माग चालवी, शेत कसी. शिक्षण बेताचे, हे मान्य. पण त्या परिषदेत तो म्हणाला की स्वीडनमध्ये एके काळी ज्युरीची पद्धत होती आणि ती लोपली. जेम्स विल्सन आणि थॉमस मॅककीन या नामांकित कायदेपंडितांनी ते साफ नाकारले. काही दिवसांनी फिन्डलीने पुरावा म्हणून ब्लॅकस्टोनचा इंग्लिश कायद्यावरचा ग्रंथच पुढे ठेवला! पदवी नसलेल्याचे वाचन नसते, हे गृहीतच खोटे आहे.

दुसरा आक्षेप असा की तो फक्त पश्चिमेकडच्या शेतकऱ्यांचे हित पाही. होय, पाही, आणि ते उघड सांगे. १७८६ मध्ये बँक ऑफ नॉर्थ अमेरिकेच्या सनदेवर वाद झाला, तेव्हा त्याने रॉबर्ट मॉरिस आणि इतर भागधारकांना सुनावले, की आपली बाजू खुशाल मांडा, पण निःस्वार्थी न्यायाधीशाचा आव आणू नका. माझ्या मते लोकप्रतिनिधित्वाचा प्रामाणिक पाया हाच.

तो बंडखोर होता म्हणावे, तर १७९४ कडे पाहा. डोंगरापलीकडच्या शेतकऱ्याला धान्य पूर्वेला नेणे परवडत नसे. तो त्याची व्हिस्की करी, आणि रोकड दुर्मीळ असल्याने तीच चलनासारखी चाले. तिच्यावर १७९१ मध्ये संघराज्याने रोखीचा कर बसवला, आणि १७९४ मध्ये या शेतकऱ्यांनी त्याविरुद्ध बंड केले. फिन्डलीने कराला विरोध केला, हिंसेलाही केला. बंड मोडायला फौज आणू नका, हे सांगायला तो सहकारी डेव्हिड रेडिकबरोबर कार्लाइलला राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनकडे गेला. फौज थांबली नाही.

घटनेविरुद्ध मत देणाऱ्या २३ जणांत तो होता, हेही खरे. पण ४६ मतांनी ती मंजूर झाल्यावर त्याने ती स्वीकारली, १७८९-९० मध्ये त्याच विल्सनबरोबर राज्याची नवी घटना घडवली आणि पुढे काँग्रेसमध्ये २२ वर्षे काम केले. १७९४ च्या बंडाचा त्याने लिहिलेला इतिहास १७९६ साली छापला गेला. त्याला अडाणी ठरवण्याआधी तो ग्रंथ वाचावा.