भाजल्या जागेवर काय लावायचं?

वस्तीत कुणी भाजलं की पहिल्या दोन मिनिटांत हाताला लागेल ते लावलं जातं. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप, नाहीतर राख. जखम मोठी असेल तर घरात उरलेली एखादी कॅप्सूल फोडून तिची पूड टाकतात. भोर-वेल्ह्यात लावणीच्या दिवसांत कर्ती माणसं खाचरात असतात, घरी म्हातारी आणि पोरं, चुलीवर अंघोळीचं पाणी तापलेलं. दवाखाना लांब, गाडीचा भरवसा नाही. अशा घरातल्या माणसांना दोष द्यायला आम्ही बसलेलो नाही. पण या सगळ्याने जखम बिघडते, हे स्पष्ट सांगायला हवं.

कातडी हे शरीराचं कुंपण आहे. ती जळाली की जंतूंना ओल मिळते, ऊब मिळते, आणि खायला मेलेली कातडी मिळते. ते एकमेकांना चिकटून बुळबुळीत थर धरतात. हा थर एकदा जमला की गोळी-इंजेक्शनचं औषध त्याच्या आत नीट पोचत नाही. कॅप्सूलची पूड तर आणखी वाईट: अर्धेमुर्धे जंतू मरतात, उरतात ते त्या औषधाला न जुमानणारे. म्हणून जंतूंना मुळात बस्तानच बसवता येणार नाही अशी पट्टी किंवा मलम करायचं, या दिशेने जगभर काम चाललं आहे. आणि त्यातलं काही काम आपल्या महाराष्ट्रात झालेलं आहे.

पुण्यात आघारकर संशोधन संस्था आहे. तिथे डॉ. किशोर पाकणीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचं जेल तयार केलं. त्यावरचा त्यांचा लेख २००९ साली प्रसिद्ध झाला. चांदीचे कण जंतूच्या बाहेरच्या पापुद्र्याला आणि आतल्या प्रथिनांना धरतात आणि त्याचा कारभार बंद पाडतात. भाजल्यावर सरकारी दवाखान्यात जे पांढरं मलम लावतात त्यातही चांदीच असते, ते १९६८ पासून वापरात आहे. जेलमध्ये त्याहून पुष्कळ कमी चांदी पुरते.

सोलापूरची गोष्ट आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयातले शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या १०४ रुग्णांवर केलेला अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. निम्म्यांना मधाची पट्टी, निम्म्यांना चांदीचं मलम. सात दिवसांत मधाच्या गटातल्या ९१ टक्के जखमा जंतुमुक्त झाल्या, मलमाच्या गटात ७ टक्के. मध जंतूंमधलं पाणी ओढून घेतो, तो आंबट असतो, आणि जखमेतल्या पाण्यात मिसळला की त्यातून थोडं थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड सुटत राहतं. मात्र रानातून काढलेला किंवा दुकानातला मध घरी जखमेवर लावू नका. त्यात माती, मेण आणि जंतूंची बीजं असू शकतात. जखमेसाठीचा मध किरणांनी निर्जंतुक केलेला असतो.

मुंबईत डॉ. केसवानी यांनी वाडिया बाल रुग्णालयात उकडलेल्या बटाट्याच्या सालीची पट्टी वापरली, पुढे शीवच्या रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची. पान निर्जंतुक करून वापरायचं. ते जंतू मारत नाही, पण जखम सुकू देत नाही आणि जखमेला चिकटत नाही. पट्टी बदलताना पोर किंचाळत नाही, ही काही लहान गोष्ट नव्हे. केळीचं पान कुठल्या खेड्यात मिळत नाही?

एवढं सगळं असताना पट्टी महाग आहे म्हणून गरिबाला ती नको, असं कुणी म्हणत असेल तर आम्हाला ते मान्य नाही. उलट बाजूही सांगतो. 'चांदीयुक्त' लिहिलेली महागडी पट्टी प्रत्येक जखमेला लागत नाही. साधी स्वच्छ जखम साबण-पाण्यानेही बरी होते. चांदीच्या जुन्या मलमाने काही वेळा जखम भरायला उशीर लागतो, असंही पुढच्या अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून कुठली पट्टी, किती दिवस, हे डॉक्टरांना विचारा, मेडिकलवाल्याला नव्हे.

घरी करायचं ते बिनखर्चाचं आहे. भाजलेला भाग लगेच नळाखाली किंवा तांब्याने सतत गार पाणी सोडत २० मिनिटं धरा. बर्फ नको. बांगड्या, अंगठी, पैंजण सूज येण्याआधी काढा. फोड फोडू नका. धुतलेलं सुती कापड सैल गुंडाळा आणि निघा. चेहरा, हात, सांधा किंवा गुप्तांग भाजलं असेल, विजेचा धक्का असेल, लहान मूल, म्हातारं माणूस किंवा मधुमेही असेल, किंवा जखम रुग्णाच्या स्वतःच्या तळहाताहून मोठी असेल, तर थांबू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन विचारून घ्या.

आता मागायचं काय? २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत चांदीचं मलम आहे, म्हणजे ते मागणं ही मेहरबानी मागणं नव्हे. प्राथमिक आरोग्य केंद्रात रुग्ण कल्याण समिती असते. आपल्या वस्तीतलं कुणी तिच्यात आहे का, हे पाहा. भाजल्यावरचं मलम आणि न चिकटणारी पट्टी आज केंद्रात शिल्लक आहे का, नसेल तर कधी येणार, हा प्रश्न येत्या ग्रामसभेत बायकांनी विचारावा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावं.