उंबरठ्याबाहेरची खिदमत

आई-वडिलांची खिदमत हा आपल्या घरांतला अभिमानाचा विषय आहे आणि तो असायलाच हवा. सूरह बनी इस्राईलमध्ये अल्लाहच्या इबादतीच्या हुकमाला लागूनच आई-वडिलांशी भलाईने वागण्याचा हुकूम आला आहे. म्हातारपणी त्यांना 'उफ' असा शब्दही ऐकवू नये, हे आपली मुले मकतबातच शिकतात. म्हणूनच आपल्या वस्त्यांत वृद्धाश्रमाचे नाव काढले तरी लोक कानावर हात ठेवतात.

पण वाचक बंधू-भगिनींनो, ही खिदमत बहुतेक वेळा घराच्या उंबरठ्यावर येऊन थांबते. घरात आपण अब्बांचा हात धरून त्यांना वुजूला नेतो. उंबरठ्याबाहेर मात्र झाकण नसलेले गटार असते, फुटपाथवर मोटारसायकली उभ्या असतात, चौकातला सिग्नल ते अर्ध्यात असतानाच लाल होतो. पेन्शन आणायला जावे तर बँक जिना चढून पहिल्या मजल्यावर. रेशन दुकानातल्या मशीनवर झिजलेल्या बोटांचा ठसा उमटत नाही. यावर आपला तोडगा ठरलेला असतो: 'अब्बा, तुम्ही बाहेर पडूच नका. काय हवे ते आम्ही आणून देतो.' आपण हे प्रेमाने म्हणतो. पण त्या एका वाक्याने त्यांची जमात सुटते, असरनंतर दोस्तांबरोबर बसणे सुटते, बाजारात चार लोकांना सलाम करणे सुटते. अम्मींचे तर विचारूच नका. त्यांचे बाहेर पडणे आधीच कमी, ते आता फक्त दवाखान्यापुरते उरते.

रस्ता, सिग्नल, बाक, शौचालय, बसची पायरी या गोष्टी कुठलाही लेक एकट्याने दुरुस्त करू शकत नाही. ते शहराचे काम आहे. मग शहराने म्हाताऱ्या माणसांचे ऐकायचे कसे?

जगातल्या बऱ्याच शहरांनी यासाठी सल्लागार आयोग किंवा समित्या नेमल्या आहेत. अशा आयोगाचे काम तसे साधे असते. त्यात काही ज्येष्ठ रहिवासी, काही डॉक्टर, समाजसेवक आणि जाणकार असतात. ते ठरावीक दिवशी उघडी बैठक घेतात, लोकांच्या अडचणी ऐकतात, त्यांची विषयवार मांडणी करतात आणि महापौर किंवा नगर परिषदेकडे शिफारशी पाठवतात. आयोगाच्या हातात पैसा नसतो आणि कुठल्या खात्याला हुकूम देण्याचा अधिकारही नसतो. तो फक्त सांगू शकतो.

नुसते सांगून काय होते, असे आपल्यापैकी अनेकांना वाटेल. त्यासाठी न्यूयॉर्क शहराचे उदाहरण पाहू.

जागतिक आरोग्य संघटनेने 2007 साली ज्येष्ठांना सोयीच्या शहरांविषयी एक मार्गदर्शिका काढली. ती तयार करताना जगातल्या 33 शहरांतल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलून त्यांच्या अडचणी समजून घेतल्या होत्या. त्या शहरांत इस्तंबूल, अम्मान आणि इस्लामाबाद होते, तसेच आपल्या देशातली दिल्ली आणि उदयपूरही होती. या बोलण्यातून आठ विषय निघाले: मोकळ्या जागा व इमारती, वाहतूक, घरे, लोकांत मिसळणे, मान-सन्मान, कामधंदा व नागरी सहभाग, माहिती पोहोचणे आणि आरोग्यसेवा. आठांपैकी औषधपाण्याशी थेट संबंध असलेला विषय एकच आहे, हे ध्यानात घ्या.

त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये महापौरांचे कार्यालय, नगर परिषद आणि तिथली वैद्यकीय अकादमी यांनी मिळून ज्येष्ठांच्या सभा घ्यायला सुरुवात केली. त्या शहरात शेकडो भाषा बोलणारे लोक राहतात, म्हणून या सभा इंग्रजीशिवाय इतर भाषांतही झाल्या. लोकांनी मोठमोठ्या मागण्या केल्या असतील असे वाटेल. पण त्यांनी मागितले ते असे: बसायला बाक द्या, रस्ता ओलांडायला वेळ द्या, भाजीबाजारात जायला वाहन द्या. 2009 मध्ये शहराने 59 कामांची यादी जाहीर केली आणि 2010 मध्ये त्यांच्या पाठपुराव्यासाठी आयोग नेमला.

सिग्नलचेच घ्या. पादचाऱ्यासाठी हिरवा दिवा किती वेळ ठेवायचा, हे माणसाच्या चालीवरून ठरवतात. अमेरिकेत कित्येक वर्षे ही चाल सेकंदाला 4 फूट धरली जात होती. 48 फूट रुंद रस्ता या हिशेबाने 12 सेकंदांत ओलांडला जातो. पण गुडघे दुखणारा माणूस सेकंदाला 3 फूटच चालत असेल, तर त्याला 16 सेकंद लागतात. म्हणजे दिवा लाल होतो तेव्हा तो अजून 12 फूट रस्त्यातच असतो. ही चूक त्याच्या पायांची नसून हिशेबाची आहे. न्यूयॉर्कच्या वाहतूक खात्याने 2008 पासून ज्या भागांत म्हातारी माणसे जास्त जखमी होत होती ते भाग निवडले आणि तिथे ओलांडण्याचा वेळ वाढवला, रस्त्याच्या मध्ये थांबायला जागा बांधल्या. 2009 च्या राष्ट्रीय नियमावलीतही ही चाल 4 फुटांवरून साडेतीन फुटांवर आणली गेली.

2011 पासून फुटपाथवर बाक बसवण्याची योजना सुरू झाली आणि त्यातून हजाराहून अधिक बाक बसले. बाजाराच्या अडचणीवर तर फार सोपी युक्ती निघाली. शाळेच्या बस मुलांना सोडल्यावर दुपारपर्यंत रिकाम्या उभ्या असतात. त्याच बसमधून म्हाताऱ्या माणसांना दुकानात नेऊन परत आणू लागले. ईस्ट हार्लेम या गरिबांच्या वस्तीत दुकानदारांनी आपल्या दुकानात खुर्च्या ठेवल्या, आणि सार्वजनिक तलावात ज्येष्ठांसाठी पोहण्याची वेगळी वेळ ठेवली गेली.

यात आपण शिकावे असे तीन धडे आहेत. पहिला असा की, ऐकणारे लोकांच्या वस्तीत आणि त्यांच्या भाषेत गेले. दुसरा, प्रत्येक सूचना कुणाच्या तरी नावावर चढली. सिग्नल वाहतूक खात्याकडे, बस शिक्षण खात्याकडे. 'ज्येष्ठांचा आदर व्हावा' अशी शिफारस कुणाच्याच टेबलावर जात नाही. 'अमुक चौकात चार सेकंद वाढवा' ही शिफारस मात्र एका टेबलावर जाते, आणि तिथे बसलेल्या माणसाला उत्तर द्यावेच लागते. तिसरा धडा, बरीचशी कामे कमी खर्चाची होती.

अशा आयोगांचे दुबळेपणही सांगितले पाहिजे. त्यांच्या बैठकीला तोच येतो ज्याचे पाय चालतात, ज्याला दिवसा सवड आहे आणि चार लोकांत बोलायची सवय आहे. जो अंथरुणाला खिळला आहे किंवा जी बाई कधी सभेत बोललीच नाही, तिचे म्हणणे नोंदवले जात नाही. शिवाय सत्ता बदलली की मागच्यांचा अहवाल कपाटात जातो. शिफारस मानायचे बंधन नसल्याने पाठपुरावा करणारे लोक थकले की सगळेच थांबते.

आपल्याला हा विचार परका वाटू नये. तफसीरच्या किताबांत हजरत उमर (रजि.) यांचा एक प्रसंग येतो. ते खलीफा असताना लोकांबरोबर चालले होते. वाटेत एका वृद्ध बाईने त्यांना थांबवले आणि बराच वेळ त्यांना सुनावत राहिली. ते मान खाली घालून ऐकत उभे राहिले. सोबतच्या माणसाने विचारले की, एका म्हातारीसाठी तुम्ही एवढ्या लोकांना ताटकळत ठेवले? त्यावर त्यांनी सांगितले की, ही खौला बिन्ते सअलबा आहे, हिची तक्रार अल्लाहने सात आसमानांवरून ऐकली, मग उमर कोण की त्याने ऐकू नये? सूरह मुजादलाची सुरुवात याच खौला (रजि.) यांच्या तक्रारीने झाली आहे. इमाम अबू यूसुफ यांनी 'किताबुल खराज'मध्ये नोंदवलेला दुसरा प्रसंगही अनेकांना ठाऊक असेल. एका आंधळ्या, वृद्ध यहुदी माणसाला भीक मागताना पाहून हजरत उमर (रजि.) त्याला आधी आपल्या घरी घेऊन गेले, जे होते ते दिले आणि मग बैतुलमालकडून त्याची सोय करायला लावली. घरातून देणे वेगळे आणि खजिन्यातून हक्क बांधून देणे वेगळे. त्यांनी दोन्ही केले. आपण पहिले करतो आणि दुसरे विसरतो.

आता आपल्या शहरांकडे येऊ. 2011 च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढचे लोक 10 कोटींहून अधिक होते. तेव्हापासून ही संख्या वाढतच गेली आहे. केरळने 2025 मध्ये कायदा करून ज्येष्ठांसाठी राज्य आयोगच स्थापन केला. आपल्या महापालिकांत असा वेगळा आयोग नसला, तरी दरवाजे बंद आहेत असे नाही. घटनेच्या 74 व्या दुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून जास्त वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या आहेत. महाराष्ट्राच्या महापालिका कायद्यात या समित्यांवर स्वयंसेवी आणि वस्तीतल्या संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी नेमण्याची तरतूद आहे. आपल्या मोहल्ल्यांत जमाती आहेत, ट्रस्ट आहेत, तरुणांची मंडळे आहेत. त्यांपैकी किती जणांनी प्रभाग समितीचे दार कधी ठोठावले आहे? नगरसेवकाला आपण शादीत बोलावतो, इफ्तारला बोलावतो. अम्मींचा गुडघा आणि चौकातला खड्डा यांचा विषय त्या दस्तरखानावर निघत नाही.

म्हणून एक साधी कामाची रीत सुचवते. मोहल्ल्यातल्या पाच-सात जणांनी एकत्र यावे. त्यात निदान तीन बाया असाव्यात, कारण घरातल्या वृद्ध स्त्रियांशी मोकळेपणी बोलायला बायाच हव्यात. सभा बोलावू नका, घरोघरी जा. विशेषतः ज्या घरांतले मुलगे आखातात आहेत आणि मागे अम्मी-अब्बाच उरले आहेत, अशा घरांत आधी जा. प्रत्येकाला एवढेच विचारा: तुम्हाला कुठे जावेसे वाटते आणि वाटेत काय आडवे येते? उत्तरे वहीत लिहा. मग एक दिवस एखाद्या बुजुर्गांसोबत त्यांच्या चालीने घरापासून मस्जिद, दवाखाना, रेशन दुकान आणि बसस्टॉपपर्यंत चाला. कुठे थांबावे लागले, कुठे आधार लागला, सिग्नलला किती सेकंद मिळाले, हे टिपून ठेवा.

त्या वहीतून पाचच कामे निवडा. प्रत्येक कामापुढे जागा, खाते आणि नेमके काय हवे ते लिहा. गटाराचे झाकण, दोन बाक, सिग्नलचे सेकंद, दवाखान्यात वेगळी रांग. ही शेवटची गोष्ट तर कायद्यातच आहे. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने सरकारी दवाखान्यांत ज्येष्ठांसाठी वेगळ्या रांगेची तरतूद केली आहे. अर्ज प्रभाग कार्यालयात द्या आणि पोच घ्या. उत्तर आले नाही तर माहिती अधिकारात अर्ज करून त्याचे काय झाले ते विचारा. त्याचे उत्तर 30 दिवसांत द्यावे लागते. मागणी करताना फक्त आपल्या गल्लीपुरते पाहू नका. शेजारच्या आळीतल्या आजी-आजोबांनाही तोच खड्डा पार करावा लागतो. त्यांच्या सह्या सोबत असल्या तर अर्जाचे वजन वाढते आणि शेजारधर्मही पाळला जातो.

एक खबरदारी मात्र घ्यावी. घरोघरी जाल तेव्हा रस्त्याच्या तक्रारीआडून कधी घरातले दुःखही बाहेर येईल. कुणाला खर्चाला पैसे मिळत नसतील, कुणाचे घर नावावरून गेले असेल. ही गोष्ट वहीत लिहायची नाही आणि चौकात बोलायची नाही. अशा वेळी त्याच 2007 च्या कायद्याखाली निर्वाह न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, आणि ज्येष्ठांसाठी 14567 ही मोफत हेल्पलाइन आहे. एवढे त्यांना हळूच सांगावे आणि त्यांची मर्जी असेल तर सोबत जावे.

आणि ज्या जागा आपल्याच हातात आहेत, तिथे महापालिकेची वाट का पाहायची? मस्जिदीच्या पायरीला लोखंडी कठडा बसवायला किती खर्च येतो? वुजूखान्यात दोन स्टूल, घसरू नये अशी फरशी आणि नमाजसाठी चांगल्या खुर्च्या ठेवणे हा एका जुम्याच्या चंद्याचा विषय आहे. आपले दुकान असेल तर दारात एक खुर्ची ठेवावी. शहराकडे बाक मागणाऱ्याच्या दारात निदान खुर्ची असावी.

पुढच्या अंकापर्यंत ज्या मोहल्ल्यांत अशी वही सुरू होईल, त्यांनी पत्र लिहून कळवावे. कुठले काम झाले, कुठले अडले आणि कुठल्या टेबलावर अडले, हेही लिहावे. ते इतरांना उपयोगी पडेल. अल्लाह आपल्या बुजुर्गांचे साये आपल्यावर कायम ठेवो आणि त्यांची वाट सोपी करण्याची तौफीक आपल्याला देवो. आमीन.